शाई म्हणजे भिरंडाचा रस नव्हे!

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, हे आपण भाषणांत, स्मरणिकांत, जमेल तिथे सांगत असतो. सांगावेच. पण तेव्हा छपाईची शाई कशाची असे, असे विचारले की सगळे गप्प! त्या काळच्या युरोपीय छपाईची काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि उकळून दाट केलेले जवसाचे तेल. वनस्पतीजन्य शाई ही काही आजची टूम नाही.

आज टूम झाली आहे ती वेगळ्याच गोष्टीची. हळद उकळा, भिरंडां कुस्करा, जास्वंद चुरगळा, गाळून घ्या, की झाली म्हणे 'नैसर्गिक छपाईची शाई'! शाळांच्या कार्यशाळांत हेच, प्रदर्शनांत हेच, आता निमंत्रणपत्रिकांवरही हेच. मी सरकारी कारकून, कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण जुन्या नोंदवह्या उघडण्यात उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे कागदावर काय टिकते आणि काय उडते एवढे मला कळते. हळदीचा पिवळा उन्हात भराभर विटतो. भिरंडाच्या लालीला सोडा लागला की ती रंगच बदलते. ही शाई नव्हे, हा डाग.

मंडळी, रंग आणि शाई यांत फरक आहे. झाडाचा रंग बहुधा पाण्यात विरघळतो. छपाईच्या तेलकट शाईला मात्र न विरघळणारे बारीक कण लागतात. ऑफसेटचे तंत्र तर तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत यावरच उभे आहे. तिथे पाणचट रस काय करणार?

मग झाडाच्या रंगाची शाई होतच नाही का? होते की! मंजिष्ठेची मुळे कुटून, न उकळवता मंद आचेवर गरम पाण्यात रंग उतरवायचा. गाळून त्यात तुरटी विरघळवायची आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी हळूहळू ओतायचे. फसफसून फेस येतो, मग लाल साका खाली बसतो. तो धुऊन, वाळवून, खलून जवसाच्या दाट तेलात घोटायचा. वाळायलाही वेळ द्यायचा. निळीला एवढा खटाटोप लागत नाही, ती मुळातच पाण्यात विरघळत नाही. काम दिवसांचे आहे, तासाभराच्या कार्यशाळेचे नव्हे.

मछलीपट्टणमच्या कलमकारीचे ठसे पाहा. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लालासाठी तुरटीचे आणि काळ्यासाठी गूळ-लोखंडाचे पाणी छापतात. लाल रंग नंतर रंगाच्या भांड्यात चढतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वनस्पतींनी छापले, त्यांनीही नुसता रस छापला नाही!

'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' ही दुसरी थाप. मायफळ आणि हिराकस यांची शाई शतकानुशतके वापरात होती. तिनेच युरोपातल्या कितीतरी जुन्या कागदांना अक्षरांच्या जागी भोके पाडली. उलट काजळी आणि बाभळीच्या डिंकाची शाई पोथ्यांत शेकडो वर्षे काळीभोर राहिली.

तिसरी थाप लेबलांची. अमेरिकेत १९८० च्या दशकात वर्तमानपत्रांनी सोयाबीन तेलाची शाई घेतली. चांगलेच झाले, खनिज तेल कमी झाले. पण त्यात तेल तेवढे वनस्पतीचे, रंगकण बहुतेक कारखान्यातलेच. तशाच शाईवर हिरवे पान छापून 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

कुणी म्हणेल, 'अहो, मुलांना निसर्गाची गोडी लागते, तुमचे काय जाते?' जाते ना! मूल घरी नेलेले चित्र फिके पडलेले पाहते आणि समजते, आपल्या पूर्वजांचे ज्ञान हे एवढेच, महिनाभराचे! परंपरेचा गौरव करायच्या नादात आपण तिची टिंगल करतो आहोत. कष्ट, मोजमाप आणि धीर वगळला तर त्या परंपरेत उरते काय?

म्हणून माझे मागणे साधे आहे. विकणाऱ्याने डबीवर तीन गोष्टी लिहाव्यात: रंग कशाचा, तेल कशाचे, उन्हात किती टिकते. शिकवणाऱ्याने रसाला रस म्हणावे. आणि ज्या मजकुराला पन्नास वर्षांनी कुणीतरी पुरावा म्हणून उघडणार आहे, तो कृपा करून भिरंडाच्या पाण्याने छापू नये. भिरंडां सोलकढीसाठी ठेवावीत.