लाटेचा अंदाज कुणी बांधला, कशावरून बांधला? गणिती मॉडेल आणि आपल्या तालुक्याचे निर्णय

२ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य सरकारने कोविडचे निर्बंध बऱ्याच जिल्ह्यांत सैल केले. अकरा जिल्हे मात्र वगळले होते, त्यात सोलापूर होता. पुढे १३ ऑगस्टपासून सोलापूर जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांत, म्हणजे पंढरपूर, सांगोला, माळशिरस, माढा आणि आपल्या करमाळ्यात, आणखी कडक निर्बंध लागू झाले. शेजारच्या बार्शीत दुकान उघडे आणि जेऊरच्या बाजारपेठेत शटर खाली, हे का, असा प्रश्न तेव्हा प्रत्येक जण विचारत होता. "वरून आकडा आला" एवढेच उत्तर मिळे.

तो आकडा कसा तयार होतो, हे तेव्हा कुणी नीट सांगितले नाही. आता कोविड मागे पडला आहे, पण आकड्यांवरून आणि संगणकाच्या अंदाजांवरून आरोग्याचे निर्णय घेण्याची पद्धत वाढतेच आहे. फवारणी कुठल्या गावात करायची, आरोग्य केंद्र कुठे द्यायचे, खाटा किती राखून ठेवायच्या, हे सगळे त्यात येते. म्हणून रुग्ण आणि नातेवाईक म्हणून आपल्याला त्याची किमान ओळख असायला हवी.

मुंबईच्या प्लेगमधून आलेले गणित

साथीच्या गणिताचा पाया ज्या लेखाने घातला, तो १९२७ साली करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी लिहिला. मॅकेंड्रिक डॉक्टर होते आणि त्यांनी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत काम केले होते. करमॅक रसायनशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. आपले समीकरण पडताळायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबईचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू. आज जगभर साथीचे जे मॉडेल शिकवतात, त्याचा पहिला आलेख आपल्या मुंबईतल्या मृत्यूंचा आहे, हे वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला कुणी सांगितल्याचे आठवत नाही.

कल्पना साधी आहे. लोकांचे तीन गट करा: ज्यांना आजार होऊ शकतो, ज्यांना झाला आहे, आणि जे बरे झाले किंवा दगावले. पहिल्या गटातून दुसऱ्यात माणसे किती वेगाने जातात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगाने, हे दोन वेग कळले की पुढच्या आठवड्यांचा आलेख काढता येतो. आजार होऊ शकणारी माणसे कमी होत गेली की साथ आपोआप उतरते, सगळ्यांना आजार होण्याआधीच. त्या दोघांनी लेखात हेही नोंदवले होते की माणसांतला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, म्हणजे आपले समीकरण ढोबळ आहे. पुढे अनेकांना हे वाक्य विसरायला झाले.

एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो, त्या आकड्याला 'आर' म्हणतात. बातम्यांत तो १.१, १.३ असा येतो आणि वाचणाऱ्याला फरक किरकोळ वाटतो. हिशोब करून बघा. आज १०० रुग्ण आहेत आणि आर १.१ आहे, तर संसर्गाच्या दहा फेऱ्यांनंतर एका फेरीत सुमारे २५९ रुग्ण असतील. आर १.३ असेल तर सुमारे १,३७९. म्हणजे सुरुवातीच्या मोजमापात थोडी चूक झाली तरी दहा फेऱ्यांनंतर एका अंदाजाप्रमाणे तालुक्याचे रुग्णालय पुरते आणि दुसऱ्याप्रमाणे जिल्ह्याचेही पुरत नाही. मॉडेल चुकण्याचे निम्मे कारण इथेच आहे.

पाऊस पेपर वाचत नाही

उजनीच्या काठच्या लोकांना अंदाज हा प्रकार नवा नाही. पावसाळ्यात आपण सगळे दौंडचा विसर्ग विचारत असतो. वरच्या धरणांतून किती पाणी सुटले, दौंडला किती आले, यावरून उजनी कधी भरेल आणि खाली पंढरपूरला किती पाणी जाईल, याचा हिशोब शेतकरीही मांडतो. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी जलसंपदा विभागाने संगणकावर चालणारी पूर्वानुमान आणि जलाशय नियोजनाची प्रणाली उभी केली आहे, ती याच हिशोबाचे मोठे रूप आहे.

पण पाणी पेपर वाचत नाही. माणसे वाचतात. "पुढच्या महिन्यात मोठी लाट" अशी बातमी आली की माणसे लग्नाला जाणे टाळतात, मास्क लावतात, आणि लाट लहान येते. मग आपण म्हणतो, शास्त्रज्ञ चुकले. उलटही होते. "संकट टळले" असे छापून आले की गर्दी वाढते. साथीचा अंदाज जाहीर होताच ज्याच्याबद्दल तो आहे तेच बदलू लागते.

म्हणून दोन प्रकारची विधाने वेगळी ओळखायला हवीत. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजने सांगितले की काहीच केले नाही तर ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार मृत्यू होऊ शकतात. हे भविष्य नव्हते. "काहीच केले नाही तर" ही अट त्यात होती, आणि तो आकडा पाहून सरकारने धोरण बदलले. बातमीत मात्र अट गळून पडते आणि आकडा राहतो.

आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने 'सूत्र' नावाचे मॉडेल तयार केले. त्यात प्रा. एम. विद्यासागर, प्रा. मणिंद्र अग्रवाल आणि लष्करी वैद्यकीय सेवेतल्या डॉ. माधुरी कानिटकर होत्या. ऑक्टोबर २०२० मध्ये समितीने सांगितले की साथीचे शिखर सप्टेंबरमध्ये होऊन गेले आहे आणि काळजी घेत राहिल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ बरीच ओसरेल. प्रत्यक्षात फेब्रुवारीत अमरावतीकडे रुग्ण वाढू लागले आणि मे महिन्यात देशात एका दिवसात चार लाखांवर रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या लाटेची तीव्रता आपल्याला नीट सांगता आली नाही, हे समितीतल्या शास्त्रज्ञांनी नंतर जाहीरपणे मान्य केले. विषाणूने रूप बदलले की जुने वेग निरुपयोगी होतात, आणि नवे रूप कधी येईल हे कुठल्याच समीकरणात लिहिलेले नसते. माझ्या मते दोष मॉडेल करणाऱ्यांचा कमी आणि "साथ संपणार" एवढेच उचलून पुढे निघालेल्या आपल्या सगळ्यांचा अधिक होता.

सरासरीत हरवलेली माणसे

जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे सापडली, इमारतींतल्या फक्त १६ टक्के लोकांत. एकच शहर, एकच महिना. सरासरी काढून एकच मुंबई गृहीत धरली असती तर अंदाज दोन्हीकडे चुकला असता. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या गटांनी केलेल्या मॉडेलमध्ये झोपडपट्टी वेगळी धरली होती. घर, कामाची जागा, शाळा, लोकल अशा ठिकाणी वावरणारी लाखो काल्पनिक माणसे संगणकात तयार करून त्यांनी लोकल सुरू केली तर काय होईल, हे तपासले. अशा कामाचा उपयोग शहराला होतो, कारण प्रश्न नेमका असतो.

ग्रामीण भागाला असे मॉडेल मिळाले नाही. आपल्या वाट्याला आले ते स्तर. ७ जून २०२१ पासून राज्यात पाच स्तर लागू झाले. आठवड्याचा पॉझिटिव्हिटी दर ५ टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, दर १० ते २० टक्के असेल तर चौथा, २० च्या वर पाचवा. हेही एक मॉडेलच, फक्त पाटीवर मांडता येईल इतके सोपे.

सोपेपणाची एक किंमत असते. समजा एका आठवड्यात ताप-खोकल्याच्या १०० जणांची तपासणी झाली आणि १२ जण पॉझिटिव्ह आले. दर १२ टक्के, स्तर चौथा. आता त्याच आठवड्यात बाजारात उभे राहून आणखी ४०० धडधाकट लोकांच्या नाकात काडी घातली आणि ४ जण सापडले. एकूण ५०० पैकी १६, म्हणजे ३.२ टक्के. गावातला आजार तेवढाच आहे, पण दर पाचाच्या खाली आला. त्यात झटपट अँटिजेन चाचणीत काही खरे रुग्ण निसटतात, त्यामुळे दर आणखी खाली. २५ जून २०२१ च्या आदेशात सरकारने दर फक्त आरटी-पीसीआरवरून काढायला सांगितले, ते यासाठीच. त्याच आदेशाने सगळ्यांना किमान तिसऱ्या स्तरावर ठेवले.

ऑगस्टमध्ये ठरलेला दुसरा निकष मला अधिक शहाणपणाचा वाटला. राज्याची वैद्यकीय ऑक्सिजनची रोजची गरज ७०० टनांवर गेली तर पुन्हा टाळेबंदी, असे सरकारने सांगितले होते. तपासण्या कमी-जास्त करून ऑक्सिजनचा आकडा हलत नाही. गंभीर रुग्ण किती आहेत, हे तो थेट सांगतो. तो उशिरा हलतो, हा त्याचा दोष.

खाटांच्या हिशोबात आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. जेऊर जिल्ह्याच्या टोकाला. इथला गंभीर रुग्ण कधी रेल्वेने सोलापूरला किंवा पुण्याला जातो, कधी बार्शीला, अकलूजला, तर कधी जिल्हा ओलांडून इंदापूर-बारामतीकडे. जिल्ह्यात ४० टक्के खाटा भरल्या आहेत, या वाक्याचा जेऊरच्या कुटुंबाला काय उपयोग, जर त्यांची नेहमीची खाट पुणे जिल्ह्याच्या यादीत मोजली जात असेल? प्रशासनाच्या सीमा आणि रुग्णाच्या वाटा वेगळ्या असतात.

आजचे प्रश्न: डेंगी आणि जनगणना

दर पावसाळ्यानंतर दवाखान्यात येणारी तक्रार अशी: "डॉक्टर, घरात दोघांना डेंगी पॉझिटिव्ह आहे, आणि पंचायत म्हणते गावात डेंगी नाही." दोघेही खोटे बोलत नसतात. खासगी प्रयोगशाळेत बऱ्याचदा कार्डावरची झटपट चाचणी होते. सरकारी नोंदीत पक्का डेंगी धरला जातो तो एलायझा पद्धतीच्या चाचणीवर, ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेत. त्यामुळे कार्डावरचा रुग्ण अनेकदा संशयित म्हणूनच राहतो किंवा कुठेच पोचत नाही. कंटेनर सर्वेक्षण आणि धूर फवारणी कुठे आधी, याचा निर्णय नोंदलेल्या आकड्यावर होतो. साथरोगांची माहिती आता एका ऑनलाइन मंचावर भरली जाते, तिथे उपकेंद्रातले आरोग्यसेवक, आरोग्य केंद्र आणि प्रयोगशाळा असे तीन ठिकाणांहून आकडे येतात. खासगी दवाखान्यातला ताप त्यात फार कमी उतरतो. त्या मंचावर उद्या कितीही हुशार संगणक बसवला तरी त्याला हा ताप दिसणार नाही.

घरात कार्ड चाचणी पॉझिटिव्ह आली तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, आणि एलायझासाठी नमुना घ्यायला सांगा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम तपासणे योग्य. उपचार मात्र त्या अहवालासाठी थांबवू नका. ताप उतरत असताना पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप गळून जाणे किंवा लघवी कमी होणे, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. गावाचा आकडा शून्य असला तरी.

दुसरा प्रश्न माणसे मोजण्याचा. सपाट भागात साधारण ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांना एक उपकेंद्र, असा निकष आहे. लोकसंख्या कुठली? २०११ च्या जनगणनेची, किंवा तिच्यावरून वाढवून धरलेली. २०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. म्हणजे लोकांची मोजणी फेब्रुवारीत, ऊसतोडीचा हंगाम बहुधा चालू असताना. बीडकडून आलेली टोळी पूर्ण मोजणीकाळात फडावर असेल, तर तिची नोंद जिथे सापडेल तिथे व्हायला हवी. कोप्या वस्तीपासून लांब, शेतात असतात. प्रगणक तिथपर्यंत गेला नाही तर ही कुटुंबे दोन्हीकडून निसटतात. त्यांच्या गरोदर बायका, लसीचा डोस चुकलेली मुले पुढची दहा वर्षे कुठल्याच हिशोबात येणार नाहीत, आणि गोवर निघाला की तो मात्र फडावरून गावात येईल. तुमच्या शेतात टोळी उतरली असेल तर प्रगणकाला कोप्यांची वाट दाखवा, आणि लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनाही.

पुढच्या वेळी "अमुक महिन्यात लाट" अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली तर आधी बघा, तो अंदाज कुठल्या भागाचा आहे, कुठल्या तारखेच्या आकड्यांवर बांधला आहे, आणि त्यात "जर" आहे का. एकच आकडा दिला आहे की "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा पट्टा दिला आहे, हेही बघा. पट्टा देणारा माणूस सहसा अधिक प्रामाणिक असतो. आणि त्या बातमीवरून ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, मधुमेहाची गोळी दोन महिन्यांची साठवायची की डायलिसिसची जागा बदलायची, हे ठरवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. मॉडेल तालुक्याबद्दल बोलते. तुमच्या आईची साखर किती आहे, हे त्याला माहीत नसते.