एका पंगतीने वाट मोडत नाही

लग्नसराई आली, जयंती आली, बारसे-वाढदिवस आले की आपल्या वस्तीत मोठी पातेली बाहेर निघतात. कुठे मटणाचा रस्सा आणि भात, कुठे खीर-पुरी, कुठे बुंदी आणि मसालेभात. त्यात पाहुण्यांचा आग्रह. वर्षभर हात आखडून खर्च करणारे घर त्या दिवशी मोकळ्या हाताने वाढते. त्यात वावगे काही नाही. चार माणसांत बसून आनंदाने जेवणे हाही जगण्याचाच भाग आहे.

पण ज्या घरात कुणी वजन कमी करायचे मनावर घेतलेले असते, त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी निराळीच घालमेल सुरू होते. "दोन महिन्यांची मेहनत एका दिवसात गेली," असे म्हणून कुणी कपाळावर हात मारतो. मग दोनच प्रकार दिसतात. एक जण म्हणतो, "आता मोडलेच आहे, तर आठवडाभर होऊन जाऊ दे. पुढच्या एक तारखेपासून बघू." दुसरी भगिनी म्हणते, "आज दिवसभर पाण्यावर राहते, म्हणजे कालचे फिटेल." वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्हांला या दोन्ही प्रकारांविषयी बोलायचे आहे. कारण नुकसान पंगतीपेक्षा या दोन विचारांनी अधिक होते.

वजनाचा विषय हा श्रीमंतांच्या घरचा लाड आहे, असा समज अजूनही आपल्यात आहे. तो आता सोडून द्यावा. मधुमेह आणि रक्तदाब आज कष्टकऱ्याच्या घरात मुक्कामाला आलेले आहेत. आपल्याकडची माणसे अंगाने फार जाड दिसत नाहीत, पण चरबी पोटावर साठते आणि तीच जास्त घातक असते. म्हणून भारतीयांसाठी कंबरेचे माप वेगळे धरले जाते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, याच्या पुढे गेली की सावध व्हावे. शिंप्याकडची टेप हे माप सांगते. उलट, वजनाच्या नुसते ५ टक्के जरी कमी झाले, म्हणजे ८० किलोच्या माणसाचे ४ किलो उतरले, तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडू लागतो. रोजंदारी करणाऱ्याच्या पायाची जखम चिघळली, तर औषधाचा खर्च होतोच आणि हजेरीही बुडते. म्हणून हा प्रश्न आपल्या चुलीशी बांधलेला आहे.

आमच्या परिचयातल्या एका ताईंचे उदाहरण पाहा. त्या एका इस्पितळात आयाचे काम करतात. तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. ताईंनी रात्रीचा भात कमी केला, चहातली साखर सोडली, रोज एक बसथांबा आधी उतरून चालत घरी येऊ लागल्या. तीन महिन्यांत चार किलो उतरले. मग गावी भाच्याचे लग्न निघाले. दोन दिवस मनसोक्त जेवण झाले. परत येऊन काट्यावर उभ्या राहिल्या, तर दोन किलो जास्त! ताईंच्या मनाने कच खाल्ली. "माझ्या नशिबातच नाही," म्हणाल्या आणि चालणेही सोडले, ताटाकडे लक्ष देणेही सोडले. चार महिन्यांनी साखर तपासली, ती पहिल्यापेक्षा अधिक. सगळ्यांनी दोष लग्नाला दिला. आम्ही मात्र हिशोब मांडून बघायचे ठरवले.

हिशोब ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. अंगावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. समजा, लग्नाच्या एका दिवशी १००० कॅलरी जास्त गेल्या. तर चरबी झाली सुमारे १३० ग्रॅम. दोन दिवसांची धरा, पाव किलोच्या आसपास. मग काट्यावर दोन किलो आले कुठून? ते बरेचसे पाणी आणि पोटात शिल्लक असलेले अन्न. पंगतीच्या जेवणात मीठ जास्त असते, मीठ पाणी धरून ठेवते. भात, पुरी, गोड यांतली जास्तीची साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणीही साठते. नेहमीचे जेवण सुरू झाले की काही दिवसांत हे पाणी आपोआप उतरते. म्हणून पंगतीच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढूच नये. आठवडा जाऊ द्यावा.

आता पुढच्या चार महिन्यांचा हिशोब. ताईंनी सगळे सोडून दिल्यावर रोज समजा २५० कॅलरी जास्त जाऊ लागल्या. म्हणजे साधारण एक वडापाव. १२० दिवसांचे झाले ३०,००० कॅलरी, म्हणजे जवळजवळ चार किलो! तीन महिन्यांत कमावलेले सगळे गेले. ते लग्नाने नेले नाही. लग्नानंतरच्या निराशेने नेले.

"आता मोडलेच आहे" हा विचार एकट्या ताईंचा नाही. १९७५ साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक या संशोधकांनी याचा प्रयोग केला. कॉलेजातल्या काही मुलींना आधी मिल्कशेक पाजले आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने समोर आइस्क्रीम ठेवून हवे तेवढे खाऊ दिले. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, कारण पोट भरले होते. ज्या मुली खाण्यावर सतत बंधन घालून राहत होत्या, त्यांनी उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला, मग पोटाचे कोण ऐकतो! नियम जितका कडक, तितका तो मोडल्यावर माणूस जास्त वाहवत जातो. म्हणून "गोड कधीच नाही" अशी शपथ घेण्यापेक्षा "सणासुदीला एक वाटी" असे ठरवणे शहाणपणाचे.

आता दुसरा प्रकार, दिवसभर उपाशी राहण्याचा. पोटाला मारलेला फटका ते रात्री व्याजासकट वसूल करते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्या तरुणांना रात्रंदिवस अन्नाखेरीज दुसरे सुचत नव्हते. पुढे पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही त्यांतल्या काहींची भूक भागेना, पोट तुडुंब भरले तरी खातच राहिले. एका दिवसाच्या उपासाने एवढे होत नाही. पण आज उपास, उद्या अधाशीपणा, परवा पुन्हा उपास, हे चक्र लागले की वजन उतरत नाही आणि मनही थकते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर असा उपास मुळीच करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन माणूस उपाशी राहिला, तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपते. घशात बोटे घालून उलटी काढणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे हेही तितकेच वाईट. त्याने अंगातले पाणी आणि क्षार जातात, हृदयावर ताण येतो, आणि चरबी जागच्या जागी राहते.

मग करायचे काय? अगदी साधे. पुढचे जेवण वेळेवर आणि रोजच्यासारखे करायचे. दंड नाही, सूट नाही. सकाळी भूक नसेल, तर चहाबरोबर नुसती बिस्किटे तोंडात टाकू नका. थोडे थांबा आणि भूक लागल्यावर भाकरी-भाजी खा. दुपारच्या ताटात निम्मी जागा पालेभाजीला, काकडीला, टोमॅटोला द्या. पाव हिस्सा भाकरी किंवा भात, आणि उरलेला पाव हिस्सा डाळ, उसळ, अंडे किंवा मासळी. डाळ-अंड्याने पोट जास्त वेळ भरलेले राहते. पाणी भरपूर प्या. दोन दिवस लोणचे, पापड, फरसाण, खारे सुके बोंबील बाजूला ठेवा, म्हणजे मिठाने अडलेले पाणी लवकर उतरेल.

रोज चालत असाल तर तेवढेच चाला. कालचे जिरवायचे म्हणून दोन तास पळू नका. अर्धा तास चालण्याने साधारण शंभर ते दीडशे कॅलरी खर्च होतात, पंगत त्याने फिटत नाही. चालणे फेडीसाठी नसते, ते रोजचे असावे लागते. आणि झोप पुरी घ्या. रात्रपाळी करणाऱ्या बंधूंना हे अनुभवाने ठाऊक आहे की झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चमचमीत खाण्याकडेच हात जातो.

यात घरच्यांचेही काम आहे. कार्यक्रम आटोपल्यावर उरलेले अन्न कोण संपवते? बहुतेक घरांत आई. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीने आपल्याला अन्न टाकू नये हे शिकवले. ती शिकवण मोलाची आहे. पण अन्न वाया जाऊ नये म्हणून ते आईच्याच पोटात गेले पाहिजे, असे कुठे आहे? उरलेले त्याच रात्री डब्यांत भरून शेजारी-पाजारी वाटा. बुंदीचा डबा हाताशी ठेवू नका. आणि मुलांनो, नवरोबांनो, "काल एवढे खाल्लेस, आज कसली भाकरी मोजतेस?" हा टोमणा बंद करा. थट्टेने कुणाचे वजन उतरत नाही, फक्त माणूस लपून खायला शिकतो.

कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आपल्या पालि वाङ्मयात, संयुत्त निकायात आलेली आहे. राजा द्रोणभर भात जेवायचा. एकदा असाच जेवून धापा टाकीत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही की चारचौघांत लाजवले नाही. सजग राहून, मात्रा ओळखून जेवणाऱ्याची दुखणी कमी होतात आणि म्हातारपण उशिरा येते, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला सांगितली आणि आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायला लावली. त्यासाठी त्याला रोज शंभर कहापण द्यायचे ठरवले. राजाचा आहार हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. यातला 'हळूहळू' हा शब्द लक्षात ठेवा. राजालाही एका दिवसात जमले नाही, आणि एकट्यानेही जमले नाही. शेजारी उभे राहून आठवण करून देणारे माणूस लागले. आपल्याला शंभर कहापण परवडणार नाहीत, पण घरातली लेक किंवा सोबत चालणारी मैत्रीण हे काम फुकटात करील.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखावी. पंगतीत चार घास जास्त जाणे निराळे, आणि भूक नसताना, लपून, थांबवू म्हटले तरी न थांबता खात सुटणे निराळे. असे आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि तीन-तीन महिने चालले असेल, तर तो आजार असू शकतो, त्याला हावरटपणा म्हणू नये. त्यावर उपचार आहेत. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारची मोफत सेवाही आहे, तिथे मराठीत बोलता येते. वस्तीत फिरणाऱ्या चरबी जाळणाऱ्या पावडरी, पट्टे आणि चूर्णे यांच्यापायी मात्र घामाचा पैसा घालवू नका.

त्या ताईंनी पुन्हा चालायला सुरुवात केली आहे. या खेपेला त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वजन लिहिणे बंद केले. नीट जेवलेल्या आणि चाललेल्या दिवसावर त्या फक्त एक टिकली लावतात. जयंतीच्या दिवसाची चौकट रिकामी आहे. तिच्या पुढच्या चौकटीत टिकली आहे.

तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, कालच्या पंगतीचा आनंद मनात राहू द्या, तिचा गुन्हा करू नका. सोमवारची वाट बघू नका, एक तारखेची बघू नका. आज रात्रीचे ताट नीट वाढून घ्या.