सायलेन्सर बदलला की गाडी गरजते, पण आत नेमकं होतं काय?

शिरूर कासारच्या बाजारपेठेतून रात्री साडेदहाला एखादी कार गरजत गेली की झोपलेली लेकरं दचकून उठतात. आधी हा ताप फक्त बुलेटचा होता, आता सेकंडहँड कारही त्यात आल्यात. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. फोटो जोरदार येतो, पण माझ्या मते एवढ्याने प्रश्न सुटत नाही. का, ते समजायला आधी आवाज कुठून येतो ते बघू.

तीन अडथळे

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन 3000 आरपीएमवर असेल, तर सेकंदाला 100 वेळा जळालेला वायू दाबाने बाहेर पडतो. प्रत्येक ठोका म्हणजे दाबाची एक लाट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायू कमी करतो आणि जाता जाता आवाजाची धारही बोथट करतो. रेझोनेटर ठरावीक सुराची घुमघुम कापतो. शेवटी मफलर, म्हणजे आपला सायलेन्सर. त्याच्या कप्प्यांत लाटा एकमेकींवर आदळून विरतात.

बाहेरून बसवलेल्या मफलरमध्ये बहुतेकदा कप्पे नसतात. भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर, एवढंच. लोकर बारीक सूर शोषते, खर्ज मात्र तसाच बाहेर पडतो. पुढे लोकर झिजली की आवाज आणखी वाढतो. रेझोनेटर काढला तर हायवेला एका ठरावीक वेगावर केबिन घुमतं आणि चालवणाऱ्याचंच डोकं दुखतं. 'कॅट' काढली तर आवाज फाटतो, शिवाय विषारी धूर थेट रस्त्यावर येतो. साध्या कारची ताकद यातून जाणवण्याइतकी वाढत नाही. वाढतो तो फक्त आवाज.

10 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

कायदा आहे, मोजणी नाही

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार ध्वनिप्रदूषणाला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 182ए(4) प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. 2000 च्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ठरवलेली आहे.

मग अडतं कुठं? गाडीच्या मॉडेलची आवाजाची चाचणी बाजारात येण्याआधी होते. पुढे ती रस्त्यावर आली की पीयूसीवाला नळी घालून धूर तपासतो, आवाज नाही. पोलिसांनाही बऱ्याचदा कानावरच भरवसा ठेवावा लागतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: पीयूसी सेंटरवरच आवाजाचं मीटर ठेवा. गाडी तशीही तिथं येतेच. पोरगा पकडला जाण्याआधी सायलेन्सर पकडला जाईल.

तोवर एक करा. गॅरेजवाल्याने जुना सायलेन्सर भंगारात मागितला तर देऊ नका. उद्या तोच परत बसवावा लागेल.