खाण तशी माती

मुलीसाठीं स्थळ पाहावयाचें झालें म्हणजे आपण गृहस्थ लोक किती चौकशी करतों! घराणें कसें, आईबाप कसे, घरांत कांहीं पिढीजात विकार आहे काय, माणसें वागावयास कशीं, हें चार ठिकाणीं विचारल्यावांचून आपण पुढें पाऊल टाकीत नाहीं. परंतु तोच गृहस्थ मुलांच्या हट्टापायीं कुत्र्याचें पिलूं घेण्यास निघाला, कीं मोबाइलवर आलेलें एक गोंडस चित्र पाहून अर्ध्या घटकेंत पैसे देऊन मोकळा होतो. वास्तविक हा नवा कुटुंबीयही दहा-बारा वर्षें आपल्याच उंबरठ्याच्या आंत राहावयाचा असतो.

आमच्या परिचयांतील एका कुटुंबांत मागील पावसाळ्यांत लॅब्रॅडॉर जातीचें असें एक पिलूं आलें. विकणाऱ्यानें तें रस्त्याच्या कडेला मोटारींतून काढून हातीं दिलें. त्याची आई कोठें आहे, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. चौथ्या दिवशीं त्यानें खाणें टाकलें. ओकाऱ्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले. सहाव्या दिवशीं तें गेलें. घरांतील नऊ वर्षांच्या मुलीनें पुढें कित्येक दिवस त्याची दुधाची वाटी कोणास उचलूं दिली नाहीं. पशुवैद्यांनीं रोगाचें नांव पार्व्हो असें सांगितलें. १९७८ सालापासून जगभर पसरलेल्या या रोगाचा विषाणु जमिनींत महिनोन् महिने टिकतो आणि बाधेनंतर बहुधा तीन ते सात दिवसांनीं लक्षणें दिसूं लागतात. म्हणजे पिलूं घरीं आलें तें बहुधा मरण बरोबर घेऊनच आलें होतें.

अशा प्रसंगीं लोक दैवाला दोष देतात. आमचें म्हणणें एवढेंच, कीं दैवाकडे जाण्यापूर्वीं पिलाच्या आईकडे जावें. महाभारताच्या आदिपर्वांत देवशुनी सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या भावांनीं तिच्या निरपराध पिलाला मारलें, तेव्हां ती थेट यज्ञमंडपांत येऊन जाब विचारते आणि उत्तर न मिळाल्यामुळें शाप देते. पिलाच्या पाठीमागें त्याची आई उभी असते, हें आपल्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. इंग्लंडांत हीच गोष्ट आतां कायद्यानें मान्य केली आहे. वेल्समध्यें २०१३ सालीं पैदाशीच्या एका कोंडवाड्यांतून लूसी नांवाची एक कुत्री सोडविण्यांत आली. वारंवारच्या बाळंतपणांनीं तिचें शरीर पार झिजून गेलें होतें. तिच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा २०२० च्या एप्रिलपासून लागू झाला. त्यान्वयें सहा महिन्यांच्या आंतील पिलूं दलालामार्फत विकतां येत नाहीं. जेथें तें जन्मलें तेथेंच, आईच्या सान्निध्यांत तें दाखवावें लागतें.

तेव्हां पहिला नियम हा, कीं पिलूं जेथें जन्मलें तेथें स्वतः जावें. पिलें घरपोंच आणून देतों म्हणणाऱ्यास नमस्कार करावा. आई माणसाजवळ शेपटी हालवीत येते, कीं कोपऱ्यांत अंग चोरून बसते, हें पाहावें. कारण भित्रेपणा बराचसा रक्तांतून व उरलेला आईच्या सहवासांतून पिलांत उतरतो. कांहीं लबाड लोक भलतीच कुत्री आणून उभी करतात. म्हणून तिच्या आंचळांवर पाजल्याच्या खुणा आहेत काय, पिलें तिला ओळखून लुचावयास धांवतात काय, हेंही पाहावें. जागेला दुर्गंधि नसावी. पिलांचे डोळे व नाक स्वच्छ असावें. अंग सडपातळ पण पोट नगाऱ्यासारखें, असें दिसल्यास जंत झाले आहेत असें समजावें.

दुसरी गोष्ट वयाची. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत कुत्र्याच्या स्वभावाची घडण होते, असें अमेरिकेंतील स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें. भावंडांशीं खेळतांनाच पिलूं आपला चावा आवरावयास शिकतें. ही शाळा अर्धवट सोडविलेलें पिलूं पुढें मुलांच्या हातांना दांत लावतें. आपल्या सरकारनें २०१७ सालीं केलेल्या श्वानप्रजनन व विक्रीच्या नियमांतही आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकूं नये असें सांगितलें आहे. त्याच नियमांप्रमाणें पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. कुत्री अठरा महिन्यांची होण्यापूर्वीं व आठ वर्षांनंतर तिची वीण घेऊं नये. वर्षांत एकाहून व सबंध आयुष्यांत पांचांहून अधिक वेत होऊं देऊं नयेत. नोंदणीचा दाखला मागण्यांत कसलाही संकोच नको. प्रामाणिक मनुष्य तो आपण होऊन पुढें करतो.

कागदांच्या बाबतींत मात्र एक भ्रम दूर केला पाहिजे. केनेल क्लबचा दाखला म्हणजे पिलाची वंशावळ होय. आरोग्याची हमी नव्हे. पत्रिका उत्तम जुळली म्हणून प्रकृति उत्तम असतेच असें नाहीं, हें आम्हां लोकांस वेगळें सांगावयास नको. उलट त्या वंशावळींतच नीट पाहावें. आजोबा आणि पणजोबा एकच निघाले, तर आपल्याकडे सगोत्र टाळण्याची जी रीत आहे ती तेथें पाळली गेली नाहीं असें समजावें. लॅब्रॅडॉर व जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा विकार वंशपरंपरेनें येतो. तेव्हां आईबापांच्या खुब्यांचीं क्ष-किरण चित्रें पाहण्यास मागावीं. डाल्मेशियन जातींत जन्मतः बहिरेपण आढळतें. चपट्या नाकाच्या पगला आपल्या उन्हाळ्यांत श्वास घेणें जड जातें. यांशिवाय जंतांचें औषध केव्हां दिलें, पहिली लस कोणत्या तारखेस टोंचली, हें पशुवैद्याच्या सहीनें लिहिलेलें असावें. कारण पुढील लशी सोळाव्या आठवड्यापर्यंत व रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर आपणांसच द्यावयाची असते.

चांगल्या पालकाची खरी खूण त्याच्या उत्तरांपेक्षां त्याच्या प्रश्नांत सांपडते. घर कितव्या मजल्यावर आहे, दिवसा घरीं कोण असतें, मुलें केवढीं आहेत, गांवीं गेलां तर कुत्र्यास कोण पाहील, असें तो आपणांसच विचारतो. आणि पुढें कांहीं कारणानें सांभाळणें अशक्य झालें तर तें परत माझ्याकडे आणा, असें बजावतो. लेक देणारा बाप जसा बोलतो तसा जो बोलेल, त्याच्याकडून पिलूं घ्यावें. ज्याला केवळ आगाऊ रकमेची घाई, त्याचा उंबरठा पुनः चढूं नये.

शेवटीं एक कठीण गोष्ट सांगतों. पहिल्या भेटीस मुलांना बरोबर नेऊं नये. घाणेरड्या पिंजऱ्यांतील मलूल पिलूं पाहून त्यांना रडूं येतें आणि मोठीं माणसेंही दयेनें तें विकत घेतात. ती दया खरी असते. परंतु ते पैसे त्याच पिंजऱ्यांतील आईच्या पुढच्या वेताचें भांडवल होतात. एक पिलूं सुटतें आणि आई अधिकच अडकते. अशा वेळीं रिकाम्या हातानें परत यावें आणि प्राणिरक्षणाचें काम करणाऱ्या मंडळींस कळवावें.

दया करण्याची खरोखरच इच्छा असेल, तर तिला दुसरी वाट आहे. आपल्याच गल्लींतील कुत्री दरसाल व्यालेली आपण पाहतों. तिचा स्वभाव आपणांस ठाऊक असतो, तिचीं पिलें आपल्या डोळ्यांसमोर वाढतात आणि किंमत तर कांहींच पडत नाहीं. त्यांतील एखादें योग्य वयांत, लस टोंचून घरीं आणावें. पत्रिका नसली तरी तेथें आई पाहावयास मिळते, आणि पाहण्यासारखी मुख्य गोष्ट तीच आहे.