ठोसा भारी की दम भारी?

दोस्तांनो, बॉक्सिंग म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? एक सणसणीत ठोसा आणि समोरचा आडवा! ज्याचा ठोसा भारी तोच जिंकणार, असा आपला सरळ हिशेब. १९७४ साली बहुतेक जाणकारांनीही हाच हिशेब केला होता.

त्या वर्षी ३० ऑक्टोबरला आफ्रिकेतल्या झाईर देशात (म्हणजे आजच्या काँगोत), किन्शासा शहरी जॉर्ज फोरमन आणि मोहम्मद अली समोरासमोर आले. फोरमन जगज्जेता. वय २५, लढती ४०, विजय ४०, त्यातले ३७ नॉकआऊट! जो फ्रेझरला त्यानं दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं होतं. केन नॉर्टनही दुसऱ्याच फेरीत गारद. आणि या दोघांनीही अलीला एकेकदा हरवलेलं! अली ३२ वर्षांचा. त्याच्या चाहत्यांना तर त्याच्या जिवाचीच काळजी लागली होती.

दुसऱ्या फेरीपासून अली चक्क दोरांना टेकून उभा राहिला. हात चेहऱ्यासमोर, कोपरं बरगड्यांशी. त्याचे प्रशिक्षक ओरडतायत, "दोर सोड!" पण हा ऐकेल तर शपथ! फोरमन घणाचे घाव घालतोय. बरेचसे ठोसे हातांवर अडतायत; अली मागे झुकला की डोक्यावरचे हुकतायत. जवळ आला की अली त्याची मान दाबून धरायचा (पंचांनी हे जरा जास्तच चालवून घेतलं, असं आपलं माझं मत), कानाशी डिवचायचा आणि मध्येच फटाफट दोन-तीन ठोसे तोंडावर ठेवून द्यायचा. हुकलेला ठोसा फार दमवतो बरं का! लागलेल्या ठोशापेक्षाही जास्त. त्यात किन्शासाची दमट हवा, आणि फोरमनला सवय झटपट लढत उरकायची. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत त्याचे हात जड झाले. आठव्या फेरीच्या शेवटी अली दोरांवरून सुटला, डावा, मग उजवा... आणि फोरमन जमिनीवर!

मग ठोशाला किंमतच नाही? तसंही नाही हं. १९९४ मध्ये ४५ वर्षांचा फोरमन मायकेल मूररविरुद्ध गुणांवर मागे पडला होता. दहाव्या फेरीत त्याचा उजवा हात एकदाच नीट बसला, आणि वीस वर्षांनी पट्टा परत त्याच्या कमरेला!

अलीनं मात्र पुढेही कितीतरी मार सोसला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. डोक्याला बसलेल्या ठोशांचा त्यात वाटा असावा, असं अनेक डॉक्टरांना वाटत होतं. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्यानंच पेटवली. एका हातात मशाल होती, आणि दुसरा हात थरथरत होता.