क्रोटनला क्रोटनच म्हणावे

मराठी कथेत वा अनुवादात 'क्रोटन' हा शब्द आला, की त्यावर तीन दिशांनी लाल शाई चालते. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेला वाचक म्हणतो, शब्द चुकीचा आहे. कुंडीतले ते रंगीबेरंगी पानांचे झाड क्रोटन नव्हेच. भाषाशुद्धीचा कैवारी म्हणतो, शब्द परका आहे. संस्कृतोद्भव पर्याय योजावा. समीक्षक म्हणतो, शब्दाचे सोडा, ते झाडच उपरे आहे. त्याचा उल्लेख हा बेगडी अभिरुचीचा पुरावा. तीन आक्षेपांची घराणी वेगळी असली तरी खोट एकच आहे. नाव कोणी, कुठे आणि कशासाठी वापरले, हे पाहण्याची तसदी यांतला एकही घेत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शास्त्राचा आक्षेप. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत रम्फियस नावाचा जर्मन माणूस मोलुक्का बेटांतील आंबोन येथे राहत होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी तेथील वनस्पतींवरचा ग्रंथ त्याने इतरांकडून लिहवून पुरा केला. तो छापला गेला १७४१ पासून पुढे, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर जवळपास चार दशकांनी. आपल्या या झाडाचे वर्णन त्यात 'कोडिएयम' या नावाने आहे, आणि ते नाव त्या बेटांवरच्या स्थानिक नावावरून घडवलेले आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने ते झाड 'क्रोटन' या प्रजातीत घातले. क्रोटन म्हणजे ग्रीक भाषेत गोचीड. एरंडासारख्या बिया गोचिडीसारख्या दिसतात म्हणून हे नाव. १८२४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आद्रियां द जुस्य यांनी त्याला क्रोटनांतून वेगळे काढून पुन्हा कोडिएयम केले. ते योग्यच झाले, कारण दोन्ही झाडे एरंडाच्या कुळातली असली तरी प्रजाती वेगळ्या आहेत.

आता हिशेब मांडून पाहावा. ७१ वर्षे हे झाड शास्त्रानेच क्रोटन म्हणून ओळखले. त्या काळात बागाइतांनी आणि रोपे विकणाऱ्यांनी ते नाव उचलले. मग शास्त्रज्ञांनी आपली मांडणी बदलली आणि लोक जुन्या नावाशी प्रामाणिक राहिले. यात लोकांची चूक ती कोणती? घर बदलले ते शास्त्राने. जुना पत्ता सांगणाऱ्याला खोटे ठरवणे हा कुठला न्याय? शास्त्रीय नाव वर्गीकरणाबरोबर बदलते, तसे बदलणे हे त्याचे कामच आहे. व्यवहारातले नाव माणसांच्या ओळखीवर टिकते. या दोन नावांची कामे भिन्न आहेत. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणे म्हणजे तराजूने कापड मोजणे.

शिवाय नेमकेपणाचाच आग्रह असेल तर या बाबतीत मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. इंग्रजीत कुंडीतले झाड क्रोटन आणि जालीम रेचक म्हणून कुप्रसिद्ध असलेले तेलही 'क्रोटन ऑइल'च. ते तेल निघते जमालगोट्याच्या बियांतून, आणि जमालगोटा अजूनही शास्त्राच्या क्रोटन प्रजातीतच आहे. मराठीत मात्र जमालगोटा हा जमालगोटा आणि क्रोटन हे क्रोटन. इंग्रजीने जिथे एका शब्दावर भागवले, तिथे आपल्या बोलीने दोन शब्द ठेवले आणि कोणाचा घोटाळा होऊ दिला नाही. घोटाळा होतो तो अनुवादकाच्या टेबलावर. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी मजकुरातील वैद्य रोग्याला 'क्रोटनचे तेल' देतो असे मराठीत लिहिले, की वाचकाच्या डोळ्यांपुढे व्हरांड्यातली कुंडी उभी राहते. तिथे लाल शाई जरूर चालवावी. पण ती सहसा तिथे चालत नाही.

दुसरा आक्षेप शुद्धीचा. बटाटा, काजू, अननस हे शब्द अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांच्या भाषांतून पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आले. त्यांना कोणी मराठीबाहेर काढत नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, त्याचीही कोणी चौकशी करत नाही. मग क्रोटननेच काय घोडे मारले? आणि पर्याय तरी कोणता देणार? 'चित्रपर्णी' हा शब्द सहज सुचण्याजोगा आहे, कानालाही गोड आहे. परंतु ती जागा रिकामी नाही. अमरकोशात तो पृश्निपर्णीचा पर्याय आहे. पृश्निपर्णी म्हणजे दशमुळांतली पिठवण. म्हणजे शुद्धीच्या नादात आपण एका औषधी वनस्पतीचे नाव भलत्याच झाडाला चिकटवणार. 'रंगपर्ण' म्हणावे तर कोलियस, कॅलेडियम, अ‍ॅकॅलिफा ही सारी रंगीत पानांची मंडळी त्या एका शब्दात दाटीवाटीने बसतील. नर्सरीतला माळी मात्र 'क्रोटन' म्हणताच नेमके तेच रोप पुढे करतो. शब्दाची याहून मोठी परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

उरला समीक्षकांचा आक्षेप, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तोच अधिक घातक आहे. 'कुंडीतले', 'शोभेचे', 'मुळे नसलेले' ही विशेषणे देशीपणाच्या चर्चेत शिवीसारखी वापरली जातात आणि क्रोटन त्यांचे आयते प्रतीक ठरते. हे प्रतीक झाडाकडे न पाहता घडवलेले आहे. थंडी सोसत नाही म्हणून युरोपात हे झाड काचघरात आणि घरात कोंडले जाते. आपल्याकडे ते उघड्या जमिनीत कुंपणाला वाढते, छाट कलम केले तरी मूळ धरते. त्याला बारीक पांढरट फुले येतात. पानांच्या रंगापुढे ती दिसत नाहीत इतकेच. इंडोनेशियात त्याला 'पुरिंग' म्हणतात, फिलिपिन्समध्ये चक्क 'सान फ्रान्सिस्को'. ज्या प्रदेशात ते नांदले, तिथे त्याला त्या प्रदेशाचे नाव मिळाले. इकडे मादागास्करहून आलेला गुलमोहर मराठी कवितेत मानाने फुलतो; त्याचे मूळगाव विचारणारा समीक्षक आम्हांला अजून भेटायचा आहे.

कथेत क्रोटन कुठे येते ते पाहावे. शाळेच्या फाटकाशी, सरकारी विश्रामगृहाच्या आवारात, नव्या वसाहतीतल्या पहिल्या गॅलरीत, सत्काराच्या पुष्पगुच्छात गुलाबांच्या मागे. त्या एका शब्दात एक काळ, एक वर्ग आणि त्या वर्गाची नीटनेटकेपणाची हौस आलेली असते. ती हौस लेखकाला हास्यास्पद वाटते की हृद्य, हे त्या कथेतून शोधायचे असते. 'शोभेचे झाड' असे लिहून ते सारे पुसून टाकले, तर समीक्षकाला वाचायला उरणार काय?

तेव्हा अध्यापकांना आमची विनंती एवढीच आहे. वनस्पतिशास्त्राच्या निबंधात कोडिएयम लिहावे, तेलाच्या संदर्भात जमालगोटा लिहावे, आणि कथेतल्या माणसाने गॅलरीत क्रोटन लावले असेल तर तिथे क्रोटनच राहू द्यावे. विद्यार्थ्याने तो शब्द लिहिला म्हणून त्याचे गुण कापू नयेत. त्याने झाड पाहिले आहे का, हे जरूर विचारावे.