समोरचा माणूस दिसू दे

पाटपाणी : वाढपी

मागच्या महिन्यात पुण्याजवळच्या एका लॉनवर रिसेप्शनला गेलो होतो. पांढरं कापड घातलेली गोल टेबलं आणि प्रत्येकाच्या मधोमध हातभर उंचीची काचेची बरणी. बरणीत लिलियम, ऑर्किड, बाहेर लोंबणारी हिरवी पानं; बुडाशी चार मेणबत्त्या. माझ्यासमोर शाळेतला मित्र येऊन बसला. बावीस वर्षांनी भेटत होतो. तो बोलला की मी लिलियमच्या डावीकडून डोकवायचो, मी बोललो की तो उजवीकडून. पाच मिनिटांत तो वैतागला, उठला आणि बरणी उचलून त्यानं सरळ गवतावर ठेवली. त्याला टक्कल पडलंय हे मला तेव्हा कुठे दिसलं. तेवढ्यात डेकोरेटरचा पोरगा धावत आला. ‘काका, वर ठेवा ना. ड्रोन यायचाय अजून.’

बरणी पुन्हा टेबलावर गेली.

पोरगा खरं तेच बोलला. हल्ली टेबल सजतं ते वरून बघणाऱ्यासाठी. जेवणारा ते बसून, दीड हातावरून बघतो आणि त्याचं मत कुणी विचारत नाही. तसाही तो टेबलाशी असतो किती? अर्धा वेळ पाणीपुरीच्या काउंटरवर, पाव वेळ स्टेजच्या रांगेत.

सजवून जेवू घालणं आपल्याला नवं नाही. विहिणीची पंगत आठवा. पाटाभोवती रांगोळीची महिरप, पानाच्या कडेनं फुलं, चांदीचं तांब्या-भांडं, समोर समई आणि दोन पानांमध्ये केळ्यात नाहीतर बटाट्यात खोचलेली उदबत्ती. मुलीकडच्या बायका त्या महिरपीपायी कंबर मोडून घ्यायच्या आणि विहिणीचं नाक तरीही मुरडलेलंच असायचं. ते मानापमानाचं ओझं गेलं, फार बरं झालं. पण त्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : सगळी सजावट जमिनीलगत हवी. एका पंगतीतल्या बाईची नजर समोरच्या पंगतीतल्या बाईपर्यंत बिनअडथळा पोचायची. (टीका करायलाही ते सोयीचं.) उदबत्तीसुद्धा धुराची बारीक रेघ ओढून वर निघून जायची.

म्हणून माझा पहिला आग्रह उंचीचा. कोपर टेबलावर टेकवून हनुवटी तळहातावर ठेवा. फुलं त्या तळहाताच्या वर जाता कामा नयेत. फूटभर धरा. उंचच हवी असतील तर बारीक दांड्याच्या स्टँडवर दोन-अडीच फुटांच्या पुढे न्या, म्हणजे फुलं डोक्यावर आणि माणसं खाली. मधली उंची सगळ्यात वाईट, आणि भाड्यानं मिळणाऱ्या बरण्या नेमक्या त्याच मापाच्या निघतात.

फुलं ठरवायची तर पहाटे मार्केट यार्डात किंवा दादरच्या फुलबाजारात एकदा स्वतः जाऊन या. एका अंगाला झेंडू, शेवंती, ॲस्टर, कापरी, गुलछडी, सगळं किलोवर. दुसऱ्या अंगाला डच गुलाबाच्या वीस-वीसच्या गड्ड्या आणि जरबेरा, फुलाफुलाला प्लास्टिकची टोपी. यातला बराच माल मावळातल्या पॉलिहाउसांमधला. तळेगाव दाभाडे भागातला गुलाब व्हॅलेंटाइनसाठी परदेशी जातो, एरवी आपल्या लग्नांना येतो.

टेबलासाठी मी जरबेरा घेईन, आणि यावर कुणीही माझ्याशी भांडावं. त्याला वास नाही, हाच त्याचा गुण. गुलछडी म्हणजे आपला निशिगंध. तो संध्याकाळी उमलतो आणि रात्री दरवळतो, बरोबर जेवणाच्या वेळी. स्टेजवर त्यानं खुशाल राज्य करावं. टेबलावर आला की मसालेभातालाही त्याचाच वास आणि जिलबीलाही त्याचाच. वासाच्या लिलियमचीही तीच गत, शिवाय परागाचे डाग. शालूवर पडले तर पुसू नका, पाणीही लावू नका. चिकटपट्टीनं अलगद उचला. आणि जेवणाच्या टेबलावर सुगंधी मेणबत्ती लावणाऱ्याला मी मठ्ठ्याच्या पेल्यात अत्तर वाढीन.

जरबेऱ्याची दांडी मऊ, खोल पाण्यात सडते. तिरकी छाटून तीन बोटं पाण्यात उभी केली की पुरे. पण डेकोरेटरला पाण्याची उस्तवार नको असते. तो हिरवी वीट वापरतो, जिला सगळे ओॲसिस म्हणतात. अमेरिकेत १९५४ साली निघालेली ही वीट म्हणजे फेनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक. ती कुजत नाही, तिचा नुसता चुरा होतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ साली आपल्या प्रदर्शनांतून तिला बाहेर काढलं, त्यात चेल्सीचं गाजलेलं पुष्पप्रदर्शनही आलं. खुराड्याची तारेची जाळी चुरगाळून भांड्यात कोंबा, फुलं तितकीच ताठ उभी राहतात. प्लास्टिकच्या फुलांबद्दल मी काय बोलणार? त्यांच्यावर बंदी घाला, ही मागणी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेपर्यंत गेली, ती फुलशेतीवाल्यांच्या पोटापाण्यासाठी.

मेणबत्ती वसईत, गोव्यात ख्रिस्ती लग्नांना घरची आहे, तिथल्या लोकांना मी काय शिकवणार. आमच्याकडे ती वाढदिवसाच्या केकवरून लग्नात उतरली. लॉनवर डिसेंबरचा वारा, हॉलमध्ये पंखे. उंच मेणबत्ती एका बाजूनं वितळून कापडावर ओघळते आणि वधूवरांची एंट्री होईपर्यंत निम्म्या विझलेल्या असतात. काच ज्योतीहून चांगली उंच हवी, नाहीतर सरळ पाण्यात तरंगत्या सोडाव्यात. जॉर्जेटचा पदर आणि उघडी ज्योत एका टेबलावर आणू नये. बॅटरीच्या मेणबत्त्यांना मी नाकं मुरडायचो. जिथे लहान पोरं बसणार त्या टेबलावर हल्ली मुकाट्यानं त्याच ठेवायला सांगतो.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात हे सगळं करून पाहिलं. टेबलं पंधरा. नातेवाइकांच्या माळ्यांवरून पितळेच्या पंधरा पराती खाली उतरवल्या, चिंचेनं घासल्या. परातीत पाणी, मधोमध तांब्या, तांब्यात सात-आठ जरबेरा आखूड कापून, भोवती चार तरंगत्या मेणबत्त्या. पितळेत उजेड दुप्पट दिसतो हे आजीच्या समईमुळे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दुसरंच. प्रत्येक परातीच्या काठावर नाव कोरलेलं होतं. कुणाच्या लग्नात आलेली, कुणाच्या डोहाळजेवणात, कुणी भिशीच्या पैशांतून घेतलेली. ज्योतीच्या उजेडात अक्षरं उठून दिसायला लागली आणि माणसं मान वाकडी करून वाचायला लागली. ‘ही कोण रे? नागपूरची का?’ ‘छे, ती सोलापूरची, आपल्या अण्णांची मावशी.’ ज्यांची एकमेकांशी ओळख नव्हती ते एकमेकांना नाती समजावून देत होते. फोटोग्राफर मात्र नाराज होता. त्याला फ्रेममध्ये हाइट मिळत नव्हती.

हॉल अकराला रिकामा करून द्यायचा होता. हॉलचा पोरगा एकेका परातीवर वाकून मेणबत्त्यांना फुंकर मारायला लागला. माझी आत्या, वय ब्याऐंशी, खुर्चीतून उठली. ‘फुंकर नको घालूस रे बाळा. दिवा असा मालवत नाहीत.’ मी म्हटलं, ‘आत्या, मेणबत्ती आहे ती.’ तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. एक वाटी मागवली आणि ज्योतीज्योतीवर पालथी धरत निघाली. मॅनेजर घड्याळ बघत दारात उभा. पंधरा टेबलांना तिला अर्धा तास लागला, कारण प्रत्येक परातीशी थांबून ती शेवटची ज्योत शांत करायच्या आधी काठावरचं नाव वाचत होती.